लेकीच्या घरची हेल्पर ॲडमिट झाली, बिल कुणी भरायचं?

परभणीहून एका ताईंचं पत्र आलंय. चार पानी आहे, म्हणून आधी थोडक्यात सांगते. ताईंची लेक अन् जावई सहा वर्षांपासून सिंगापूरला आहेत, दोघंही नोकरीला, घरात १४ महिन्यांचं लेकरू. लेकराला सांभाळायला अन् घरकामाला त्यांनी इंडोनेशियाची २७ वर्षांची एक मुलगी ठेवली, तिकडं हेल्पर म्हणतात. मागच्या महिन्यात तिचं पोट दुखायला लागलं, दोन दिवस ती गोळ्या खाऊन काम करत राहिली, तिसऱ्या रात्री उठताच येईना तेव्हा दवाखान्यात नेलं तर अपेंडिक्स फुटलेलं. ऑपरेशन झालं, आयसीयूत राहिली, ११ दिवसांनी घरी आली. बिल झालं २२,००० सिंगापूर डॉलर. विमा होता, तरी कंपनीनं कळवलं की यातले १,७५० डॉलर तुम्हाला भरावे लागतील.

आता ताई विचारतात, विमा असून आपल्याला का भरावं लागायलंय? जावई म्हणायलेत हे पैसे तिच्या पगारातून हप्त्याहप्त्यानं कापू, ते चालतं का? का तिला परत पाठवून दुसरी आणावी अन् स्वस्तातली पॉलिसी घ्यावी? आणि शेवटी, "आमच्याकडं १२ वर्षांपासून असलेल्या मावशीलाच तिकडं नेऊन ठेवलं तर? घरचं माणूस आहे, विम्याची कटकटच नको."

ताई, मी जनरल इन्शुरन्सच्या ऑफिसात २३ वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली, त्यामुळं असली पत्रं वाचली की माझं लक्ष आधी तारखांवर जातं, पैशांवर नंतर. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे ते दोन दिवस. त्यावर येतेच, पण आधी पगाराचं, कारण ते जावयांना आजच कळवायचंय.

तिच्या पगारातून एक डॉलरही कापायचा नाही. सिंगापूरला घरकामाला परदेशी बाई ठेवायची तर तिथल्या मिनिस्ट्री ऑफ मॅनपॉवरचं, म्हणजे एमओएमचं, वर्क परमिट काढावं लागतं आणि त्या परमिटच्या अटीतच आहे की तिचं राहणं, खाणं अन् औषधपाणी मालकानं बघायचं, अन् औषधपाण्यात दवाखान्यात ॲडमिट होणंही आलं. पगार दर महिन्याला पूर्ण द्यायचा, महिना संपल्यापासून ७ दिवसांच्या आत. तिनं सहीनं लिहून दिलं, ती स्वतःहून हो म्हणाली, असलं काही तिथं चालत नाही. आणि ती हो म्हणणारच ना हो, परक्या देशात, नुकतं ऑपरेशन झालेलं, राहायचं तुमच्याच घरात, तिला नाही म्हणायला तोंड कुठून येणार. तुम्ही लिहिलंय "ती आजारी पडली यात आमच्या पोरांचा काय दोष". दोष कुणाचाच नाही ताई, पण दोषाचा अन् बिलाचा संबंधच नाही. तिला आणताना त्यांनी जी जबाबदारी सही करून घेतली त्यातच हे बिल होतं.

बरं, विमा असून पैसे का लागले. इथं कंपनीनं काही फसवलं नाही, हिशोब बरोबर आहे, मी करून दाखवते. हेल्परचा मेडिकल विमा काढणं तिकडं सक्तीचं आहे, त्याशिवाय परमिट मिळत नाही. पूर्वी वर्षाला १५,००० डॉलरचं कव्हर असलं की भागायचं. पण तिथल्या सरकारी हॉस्पिटलातही परदेशी कामगाराला सबसिडी मिळत नाही, पूर्ण दरानं बिल लागतं, मग एखादं मोठं ऑपरेशन झालं की १५,००० कुठल्या कुठं जायचे अन् वरचं सगळं मालकाच्या बोकांडी. म्हणून १ जुलै २०२३ पासून कमीत कमी कव्हर ६०,००० डॉलर केलं, पण त्याला अट लावली की पहिले १५,००० पूर्ण कंपनी देणार अन् त्याच्या वरच्या रकमेत कंपनीचे ७५ टक्के, मालकाचे २५ टक्के. आता तुमचं बिल २२,०००. त्यातले १५,००० कंपनीचे. राहिले ७,०००, त्याचे २५ टक्के म्हणजे १,७५०. झालं. आपल्या रुपयांत लाखाच्या वर जातात म्हणून जड वाटायलंय हे मला कळतं, पण दुसऱ्या बाजूनंही बघा, जुन्या नियमात हेच बिल आलं असतं तर वरचे ७,०००च्या ७,००० तुमच्या लेकीला भरावे लागले असते.

एक विचारून घ्या, पॉलिसी कुठल्या तारखेला सुरू झाली. १ जुलै २०२५ किंवा त्यानंतरची असेल तर तिला नियमाचा दुसरा टप्पा लागू होतो, त्यात मंजूर झालेली रक्कम कंपनीनं थेट हॉस्पिटलला द्यायचीय, मालकानं आधी खिशातून भरून नंतर कंपनीच्या मागं लागायचं नाही. लेकीनं जर घाईत सगळे २२,००० क्रेडिट कार्डावर भरले असतील तर आजच कंपनीला अन् हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला लेखी विचारा. पत्रात हे स्पष्ट नाही म्हणून सांगितलं.

आता ते दोन दिवस.

सक्तीच्या त्या विम्यात काय येतं? ॲडमिट होणं अन् डे सर्जरी, म्हणजे ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी सोडतात ते. साधा ताप, खोकला, पोटदुखी, दात, क्लिनिकमधली तपासणी यातलं काहीच त्या कमीत कमी कव्हरमध्ये येत नाही, ते मालकानं खिशातून द्यायचं. आणि गोची नेमकी इथं होते. क्लिनिकचं छोटं बिल खिशातून जातं म्हणून घरचे म्हणतात बघू दोन दिवस, गोळी घे, अन् हेल्परला वाटतं आपल्यापायी यांना खर्च नको, कामावरून काढतील, मग ती दुखणं अंगावर काढते. अपेंडिक्स पहिल्या दिवशी दाखवलं असतं तर बहुतेक फुटायच्या आधी निघालं असतं, आयसीयू लागला नसता, बिल कदाचित त्या १५,०००च्या आतच बसलं असतं अन् तुमच्या लेकीला काहीच भरावं लागलं नसतं. मी लेकीला दोष द्यायला हे लिहीत नाही, १४ महिन्यांचं लेकरू अन् दोघांची नोकरी म्हणल्यावर घरात काय चाललेलं असतं ते मला माहितीय. पण टेबलावर बसून मी हेच पाहत आले, मोठ्या फायलींच्या आत डॉक्टरची पहिली चिठ्ठी उघडली की तिच्यावर "तीन दिवसांपासून दुखत होते" असं लिहिलेलं असतं.

म्हणून लेकीला सांगा, तिला समोर बसवून एकदा नीट सांग की दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं, पैसे आमचे, तुझ्या पगाराला हात लागणार नाही. भाषा अडत असेल तर मोबाईलवर इंडोनेशियन भाषेत करून दाखव, पण सांग. आणि आता जर पगारातून कापले ना, तर पुढच्या वेळी ती दोन दिवस नाही, चार दिवस सांगणार नाही, अन् तिच्या हातात तुमचं नातवंड असतंय ताई.

परत पाठवायचं म्हणाल तर कायद्यानं काम थांबवता येतं, ते काही जन्माचं बांधलेलं नाही. पण त्या दिवसापर्यंतचा पगार, हॉस्पिटलचं सगळं बिल अन् तिच्या देशापर्यंतचं विमानाचं तिकीट, सगळं मालकाकडं. मग नवीन बाई, पुन्हा एजन्सीची फी, पुन्हा नवा विमा, पुन्हा लेकराला नव्या माणसाची सवय. वर्षभरात लेकराला तिचा लळा लागलाय असं तुम्हीच लिहिलंय. टाके सुकायच्या आत एखादीला विमानात बसवणं मला बरोबर वाटत नाही, हे मी स्पष्टच सांगते, नियमाच्या पलीकडं जाऊन सांगते.

स्वस्तातली पॉलिसी हा विषय जरा खोलात जाऊन बघण्यासारखा आहे, कारण तिकडं हेल्परचा विमा म्हणजे एकाच कागदात तीन वेगवेगळ्या गोष्टी बांधलेल्या असतात अन् पुष्कळ जण एकच समजून चालतात.

एक झालं मेडिकल, ते वर आलं.

दुसरं पर्सनल ॲक्सिडेंट, तेही कमीत कमी ६०,००० डॉलरचं. अपघातानं मृत्यू झाला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर हे पैसे तिला किंवा तिच्या घरच्यांना मिळतात. मालकाला नाही. एका वाचकानं मला मागं विचारलं होतं की हप्ता आम्ही भरतो मग पैसे तिच्या आईला कामून. आपल्याकडं पूर्वी शेतकऱ्याचा अपघात विमा निघायचा तेव्हा पैसे बायकालेकरांना जायचे, हप्ता सरकारनं भरलेला असला म्हणून सरकारकडं परत जायचे का? तसंच हे. आणि याला महत्त्व यासाठी जास्त की सिंगापुरात बाकी कामगारांना कामावर इजा झाली तर भरपाई देणारा जो कायदा आहे, त्यात घरकाम करणाऱ्या येत नाहीत. तिच्या मागं एवढाच विमा उभा असतो. त्यामुळं तिच्या घरच्यांचं नाव, पत्ता, फोन लेकीनं नीट लिहून ठेवलेला असावा, पासपोर्टवरच्या नावासारखंच. मृत्यूचे क्लेम पैशावाचून कमी अडतात, नावातल्या एका अक्षरावाचून जास्त अडतात.

तिसरा बाँड. तिला आणताना सरकारला ५,००० डॉलरचा सिक्युरिटी बाँड द्यावा लागतो, मलेशियाची बाई सोडून बाकी सगळ्यांसाठी. रोख कुणी भरत नाही, विमा कंपनी हमी देते. लोकांना वाटतं बाँडचा विमा आहे, काही झालं तर कंपनी भरेल. भरेल हो, पण मग तुमच्याकडून वसूल करेल. पीककर्जाला जामीनदार असतो ना, त्यानं बँकेचं भरलं की तो कर्जदाराच्या दारात येऊन बसतो, अगदी तसंच. ती वसुली टाळायची सोय जास्तीचा प्रीमियम भरून काही पॉलिसीत घेता येते, तिला वेव्हर म्हणतात, पण तीसुद्धा मालकानं स्वतः नियम मोडला तर कामाची नाही. आणि बाँड जप्त कशानं होतो तर मालकानं किंवा तिनं अटी मोडल्या म्हणून, पगार वेळेवर दिला नाही म्हणून, काम संपल्यावर तिला परत पाठवलं नाही म्हणून. म्हणजे जावयांनी १,७५० वाचवायला पगार कापला अन् तिनं तक्रार केली तर ५,००० पणाला लागतात, शिवाय पुढं दुसरी हेल्पर ठेवायला परवानगी मिळेल का तेही सांगता येत नाही. हा हिशोब त्यांना इंजिनियर म्हणून तरी पटावा.

ती निघून गेली, सापडतच नाही, असं झालं तर काय, हेही तुम्ही पत्रात एका ओळीत विचारलंय. तेव्हा पोलिसात तक्रार द्यायची, तिला शोधायचा खरा प्रयत्न केल्याचं दाखवायचं, मग बाँडची अर्धी रक्कमच म्हणजे २,५०० जाते. भीतीपोटी तिचा पासपोर्ट काढून कपाटात ठेवू नका मात्र. पासपोर्ट तिचा आहे, तिच्याकडंच राहिला पाहिजे.

तर पॉलिसी बदलताना काय बघायचं. ६०,००० मेडिकल अन् ६०,००० ॲक्सिडेंट हे तर सगळ्यांकडंच असणार, कारण तेवढं सक्तीचं आहे, त्याच्यात तुलना करण्यात वेळ घालवू नका. फरक पडतो तो बाकीच्यात. तो २५ टक्के वाटा झाकणारं जास्तीचं कव्हर मिळतंय का. क्लिनिकच्या खर्चाचं काही आहे का, भले थोडं असेना. ती आजारी असताना दुसरी बाई ठेवायचा खर्च मिळतो का. दुर्दैवानं काही झालं तर पार्थिव तिच्या गावी न्यायचा खर्च आहे का, कारण तोही मालकालाच करावा लागतो. आणि आधीपासूनच्या आजाराला किती महिन्यांनी कव्हर सुरू होतं. नव्या टप्प्यात काय वगळायचं याची भाषा सगळ्या कंपन्यांना सारखी करून दिलीय अन् वयाचे ५० पर्यंत व ५० च्या पुढं असे दोनच गट केलेत, त्यामुळं दोन पॉलिसी शेजारी ठेवून वाचणं पूर्वीपेक्षा सोपं झालंय. एजन्सीनं जी चिकटवली तीच घ्यायची असं नाही. मी असते तर वर्षाला थोडे जास्त भरून तो २५ टक्क्यांचा भाग झाकून घेतला असता अन् वेव्हरही घेतला असता, बाकी नखरे सोडले असते.

आणखी एक गोष्ट विचारते. तुम्ही लिहिलंय लेक १२व्या मजल्यावर राहते अन् हेल्पर "काचा लई लख्ख ठेवते". बाहेरच्या बाजूनं पुसते का हो? सिंगापुरात उंच इमारतीच्या खिडक्या बाहेरून पुसताना हेल्पर पडून गेल्या, त्यानंतर २०१२ ला नियम झाला की खिडकीला ग्रील पाहिजे, पुसताना ती लॉक पाहिजे अन् घरातलं मोठं माणूस जवळ उभं पाहिजे. तळमजला किंवा समोर व्हरांडा असेल तर गोष्ट वेगळी. लेकीला फोन करून हे विचारा, काच थोडी धुरकट राहिली तर काही बिघडत नाही.

सुट्टीचंही तसंच. आठवड्याची एक सुट्टी तिचा हक्क आहे, तिच्या मर्जीनं पैसे देऊन काम करून घेता येतं, पण २०२३ पासून महिन्यातली एक तरी सुट्टी पैशानं भागवता येत नाही, द्यावीच लागते. विम्याशी काय संबंध म्हणाल, तर तिच्या गावच्या बाया तिला त्याच दिवशी भेटतात, अन् "पोट दुखतंय" हे ती कदाचित आधी त्यांनाच सांगेल.

आता मावशी. तुम्ही त्यांचं वय ५४ लिहिलंय, शिक्षण चौथी. तिथं पहिल्यांदा परमिट काढताना वय २३ ते ५० लागतं अन् शाळा कमीत कमी ८ वर्षं झालेली लागते. म्हणजे नाहीच. आणि तुमच्या जाऊबाई म्हणाल्या तसं "फिरायच्या व्हिसावर नेऊ, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे", ते तर डोक्यातूनच काढून टाका. परमिट नसताना कामाला ठेवलं तर ५,००० ते ३०,००० डॉलर दंड, वर्षभरापर्यंत तुरुंग, किंवा दोन्ही. जावयांची नोकरी, व्हिसा सगळंच गोत्यात. आणि मावशी तिथं आजारी पडल्या तर? ना परमिट, ना हेल्परचा विमा, अन् बिल त्याच पूर्ण दरानं. "घरचं माणूस आहे म्हणून विम्याची कटकट नको" हे वाक्य मी दोनदा वाचलं. घरचं माणूस आहे म्हणूनच विमा पाहिजे ना ताई.

मला एक सांगावंसं वाटतं. आमच्याकडं एक मावशी होत्या, माझं पहिलं बाळंतपण त्यांनी काढलं. २०१९ ला सकाळी कामाला येताना रस्त्यावर एका जीपनं उडवलं, दवाखान्यात न्यायच्या आधीच गेल्या. मी विम्याच्या ऑफिसात रोज दुसऱ्यांचे क्लेम बघत होते अन् घरात नऊ वर्षं येणाऱ्या बाईला मी कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं की तुमचा काही विमा आहे का. तेराव्यानंतर त्यांची लेक पासबुक घेऊन आली, खात्यातले शिल्लक पैसे कसे काढायचे विचारायला. त्या पासबुकात १२ रुपयांची एक ओळ होती. प्रधानमंत्री सुरक्षा विमा. कुणीतरी बँकेत खातं काढताना फॉर्म भरून घेतला होता, मावशींनाही माहीत नसावं. दोन लाख मिळाले तिला, धाकट्याचं शिक्षण त्यावर झालं. ती ओळ तिथं असण्यात माझा काहीच हात नव्हता, ते मला अजून बोचतं.

तर तुमच्या मावशींचं बघा. ती सुरक्षा विमा योजना आता वर्षाला २० रुपयांची आहे, १८ ते ७० वय चालतं, अपघाती मृत्यूला २ लाख. बँकेत किंवा पोस्टात खातं असलं की फॉर्म भरून होतं. कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तर २ लाख देणारी जीवनज्योती ४३६ रुपयांची आहे पण तिच्यात नवीन नाव ५० पर्यंतच घालता येतं, म्हणजे मावशींना नाही, त्यांच्या सुनेला जमेल. दवाखान्यासाठी महात्मा फुले योजना अन् आयुष्मान मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत, रेशनकार्ड अन् आधारवरचं नाव जुळतंय का तेवढं आधी तपासा, ऐन वेळी तिथंच गाडी अडते. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा आपल्या राज्यात २००८ पासून कायदा आहे, जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात मावशींची नोंदणी करता येते, त्या तुमच्याकडं काम करतात असा दाखला तुम्ही द्यायचा असतो, तो द्यायला बरेच जण घाबरतात की उद्या काही अंगाशी येईल, तुम्ही घाबरू नका, द्या. आणि तुमच्या घराची हाउसहोल्डर पॉलिसी असेल किंवा काढणार असाल तर त्यात घरकामगाराला कामावर इजा झाली तर भरपाई देणारा भाग जोडून मिळतो का हे एजंटला विचारा. एजंट स्वतःहून कधी सांगत नाही.

लेकीच्या पॉलिसीचं पहिलं पान, ज्यावर तारखा अन् रकमा असतात ते, मला पाठवलं तर बघून सांगेन, पासपोर्ट नंबर तेवढा झाकून पाठवा. आणि उद्या सकाळी मावशी आल्या की चहा ठेवायच्या आधी त्यांना पासबुक भरून आणायला सांगा, मे महिन्याच्या शेवटी २० रुपये कटलेत का ते तुम्ही स्वतः चष्मा लावून बघा.